करार आणि होकार

वाचकहो, इंग्रजीत 'ॲग्रीमेंट' म्हटले की सगळे भागते. जर्मन भाषेत तसे नाही, हे पाहून आम्हाला गंमत वाटली. दोन सरकारांत होते ते 'आबकोमेन'. व्हिएतनामीत 'हिएप दिन्ह'. वाद मिटून एकमत झाले की 'आइनिगुंग', म्हणजे 'थोआ थुअन'. आणि माणूस स्वतः हो म्हणतो ते 'आइनफेरश्टांडेन'. व्हिएतनामी म्हणतात 'डोंग ई', समान मन!

१९८० साली पूर्व जर्मनी व व्हिएतनाम यांच्यात आबकोमेन झाले. १९८९ पर्यंत तिकडच्या कारखान्यांत ६० हजारांच्या आसपास व्हिएतनामी कामगार होते. त्यांच्यातली बाई गरोदर राहिली तर गर्भपात, नाहीतर मायदेशी रवानगी, असा नियम कैक वर्षे चालला. करारावर सह्या सरकारांच्या. पाळी मात्र त्या बाईवर. आम्ही विचारतो, तिचे 'डोंग ई' कोणी घेतले होते?