यादीतले नाव आणि विमानातली जागा

वसमतहून औंढा नागनाथकडे जाताना शिरड शहापूर लागते. मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे ते यात्रेकरूंना माहीत आहे. बाकीच्यांसाठी तो एसटीचा एक थांबा. हिंगोली जिल्ह्यातल्या अशा गावांतून निघालेली मुले-मुली आज मुंबई, हैदराबाद, बंगळूरच्या विमानतळांवर चेक-इन काउंटरला, रॅम्पवर, केबिन क्रूमध्ये दिसतात. लग्नसराई जवळ आली की त्यांना घरून फोन येतो. तुला काय, विमान फुकट आहे, सकाळी निघालास तर दुपारी जेवायला घरी.

घरच्यांचे फारसे चुकत नाही. मराठवाड्यात ‘पास’ म्हणजे रेल्वेचा पास. तो दाखवला की रीतसर आरक्षण होते, बर्थचा क्रमांक मिळतो. आपल्या स्टाफ तिकिटाचे तसे नाही. त्यावर नाव असते, तारीख असते, विमानाचा क्रमांकही असतो. नसते ती जागा. आपल्यातलेही कित्येक जण नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे हे पुरते समजून घेत नाहीत आणि ऐन हळदीच्या दिवशी विमानतळावर अडकतात. म्हणून यंदा लग्नसराईच्या अंकात हा विषय घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की स्टाफ तिकिटावर जागा मिळवणे हे नशिबापेक्षा गणिताचे काम आहे आणि हे गणित गावाकडून शहराकडे, म्हणजे उलटे मांडावे लागते.

आधी तिकिटावरची अक्षरे वाचायला शिका. आयडी९० म्हणजे नव्वद टक्के सवलत, हे सगळ्यांना पाठ असते. त्यापुढच्या आर१, आर२ कडे मात्र लक्ष जात नाही. शेवटी एक असेल तर जागा राखून ठेवता येते. दोन असेल तर ते स्टँडबाय, म्हणजे दार बंद होईपर्यंत जागा मोकळी राहिली तरच तुमची. आयडी५०आर१ महाग वाटते, पण बहिणीच्या लग्नाला जायचे असेल तर तेच स्वस्त पडते. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचे तर झेडचे दर लागतात, अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेले. पण तिथे रांगेत आधी त्या कंपनीचे स्वतःचे लोक आणि त्यांच्या मागे आपण. आपल्याच कंपनीतही कुठे सेवाज्येष्ठता चालते, कुठे आधी चेक-इन करणारा पुढे जातो. आपल्याकडे यातले काय चालते, हे प्रत्येकाने आपल्या नियमपुस्तिकेत एकदा डोळ्यांनी वाचून घ्यावे. सहकाऱ्याने चहाच्या टपरीवर सांगितलेला नियम बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या कंपनीचा असतो.

आता गणित. शिरड शहापूरच्या माणसाला पहिल्यांदा सुचते ते नांदेड. जवळचे विमानतळ तेच. पण त्याचा इतिहास पाहा. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ते नव्याने उभे राहिले आणि किंगफिशरची सेवा आली. २०१२ मध्ये ती कंपनीच बसली. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेच्या पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या, त्यात ट्रूजेटची नांदेड–हैदराबाद होती. २०२२ मध्ये ट्रूजेटही थांबली. २०२४ मध्ये स्टार एअरने इथे ७६ आसनांची एम्ब्रेअर १७५ आणली. पहिला प्रश्न इथेच येतो: आपल्या कंपनीचा त्या दिवशी तिथे उडणाऱ्या कंपनीशी स्टाफ तिकिटाचा करार आहे का? नसेल तर यादीत नावच घालता येत नाही, मग लोड कितीही कमी असो.

करार असला तरी लहान विमानाचा हिशेब वेगळा. १८६ आसनांच्या ए३२० मध्ये ऐनवेळी न येणारे, मागच्या विमानाला उशीर झाल्याने चुकलेले असे चार-सहा जण निघण्याची आशा असते. ७६ आसनांत तशी एक-दोन जागा निघाली तरी नशीब. त्यात मराठवाड्याचा मे महिना. पारा ४२ च्या वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, उड्डाणाचे वजन कमी ठेवावे लागते. खुर्च्या रिकाम्या दिसतात, काउंटरवरचा मित्र मान हलवतो, तरी लोडशीट बंद होताना स्टँडबायचे नाव कापले जाते. तो मित्रावर राग धरण्याचा विषय नाही.

नांदेडचे आणखी एक वैशिष्ट्य आपली माणसे विसरतात. इथले लोड आपल्या लग्नतिथींवर जेवढे चालते, त्याहून अधिक पंजाबच्या पंचांगावर चालते. दिल्लीजवळच्या हिंडन आणि पंजाबातल्या आदमपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या त्या मुख्यतः हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंसाठी. दसरा, दिवाळी आणि होला मोहल्ला या दिवसांत नांदेडचे विमान दिल्लीच्या बाजूनेच भरून येते आणि भरून जाते. दिवाळीला घरी जायचे आणि तेही नांदेडमार्गे स्टँडबायवर, हा बेत आम्हाला तरी धाडसाचा वाटतो. महाशिवरात्रीला विमानात जागा मिळालीही, तर पुढे औंढ्याच्या यात्रेची गर्दी बसमध्ये भेटते.

मग काय करावे? नकाशा उलटा धरा. शिरड शहापूर ज्या रस्त्यावर आहे, तो रस्ता जालना, जिंतूर, औंढा, वसमत करत छत्रपती संभाजीनगरला नांदेडशी जोडतो. संभाजीनगरला मुंबई आणि दिल्लीहून मोठी विमाने येतात, तीही मोठ्या कंपन्यांची, जिथे आपल्यातल्या बहुतेकांचे स्वतःचे किंवा कराराचे तिकीट चालते. तिथून पुढचा प्रवास रस्त्याचा आणि लांबचा आहे, हे खरे. पण घरी पोहोचण्याची खात्री नांदेडच्या ७६ खुर्च्यांपेक्षा या वाटेवर अधिक. दुसरी वाट हैदराबादची. मुंबई–हैदराबाद दिवसभर फेऱ्या आहेत, एक हुकली तर पुढची; आणि सिकंदराबादहून नांदेडला रेल्वे आहे. बंगळूर किंवा चेन्नईत नोकरी असलेल्यांनी तर हीच वाट आधी पाहावी.

आणि मुंबईकरांनी? त्यांनी सरळ देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसचे आरक्षण महिना-दीड महिना आधी करून ठेवावे. विमान कर्मचाऱ्यांच्या मासिकाच्या संपादकाने रेल्वेची भलावण करावी, हे काहींना रुचणार नाही. पण आरक्षित बर्थ हाताशी ठेवून स्टँडबायला उभा राहणारा माणूस शांत असतो, आणि गेटवर वाद न घालणाऱ्या शांत माणसालाच सहकारी शेवटच्या मिनिटाला हाक मारतात. जागा मिळाली तर आरक्षण रद्द करताना थोडे पैसे जातील, तेवढे जाऊ द्यावेत.

बाकीच्या गोष्टी जुन्या जाणत्यांना ठाऊक आहेत, त्या नव्यांसाठी. दिवसाची पहिली फेरी धरा, हुकली तर पुढचा सगळा दिवस हाती राहतो. मंगळवार-बुधवार बरे, शुक्रवारची संध्याकाळ आणि दाट लग्नतिथीची आदली रात्र टाळा. आदल्या संध्याकाळचे लोड पाहा, पण त्याच मार्गावरची आधीची फेरी रद्द झालेली नाही ना, तेही पाहा. रद्द झाली असेल तर तिचे सगळे प्रवासी तुमच्या पुढे आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या एका दिवसात हजारावर फेऱ्या रद्द झाल्या, त्या आठवड्यात कोणाच्याही स्टँडबायला काही अर्थ उरला नव्हता. सामान हातातलेच ठेवा. चौघांचे कुटुंब असेल तर दोघे-दोघे वेगळे जाण्याची घरच्यांची तयारी आधी करून घ्या; लहान मुलासमोर, गेटवर, हा निर्णय होत नाही.

आणि वागणे. २०१७ च्या मार्चमध्ये डेन्व्हरहून पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून युनायटेडने विमानात घेतले नाही आणि जगभर बोभाटा झाला. दोनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या विमानातून एका डॉक्टरांना फरफटत बाहेर काढले गेले, कारण चार कर्मचाऱ्यांना जागा हवी होती. ते चौघे कामावर निघाले होते, पुढच्या विमानाचे क्रू होते, फिरायला नव्हे. तो फरक प्रवाशांना कळला नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. त्यांच्या दृष्टीने पास वापरणारा प्रत्येक जण कंपनीचा माणूस. मित्रासाठी मिळालेला पास गावातल्या कोणाला पैसे घेऊन देणे, हा तर नोकरी घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ‘आपलाच माणूस आहे’ हे उत्तर दक्षता विभागात चालत नाही.

या सवलतीला सरकारनेही वेगळे मानले आहे. १९६२ च्या आयकर नियमांतील नियम ३(६) प्रमाणे वाहतूक कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला मोफत प्रवास करपात्र लाभ धरला जात असे, पण विमान कंपन्या आणि रेल्वेचे कर्मचारी त्यातून वगळले होते. पगाराच्या कागदावर न दिसणारा हा पगारच आहे. म्हणूनच एक गोष्ट खटकते. आपल्या भागातली बहुसंख्य पोरे विमान कंपनीच्या नव्हे, ग्राउंड हँडलिंग एजन्सीच्या कंत्राटावर काम करतात. विमानात सामान चढवणारी, शिडी लावणारी हीच. स्टाफ ट्रॅव्हलच्या यादीत त्यांतल्या बहुतेकांचे नाव कधी येत नाही. कंपन्यांनी निदान वर्षातून एक फेरी, तीही स्वतःच्या मार्गावर, त्यांना द्यायला काय हरकत आहे? रिकामी खुर्ची उडवण्याचा खर्च तोच.

दुसरी मागणी मृत्यूच्या प्रसंगाची. आई-वडील गेल्याचा निरोप पहाटे येतो तेव्हा माणूस लोड पाहत बसत नाही, आणि स्टँडबायने वेळेत पोहोचणे बहुधा जमतही नाही. काही कंपन्यांत अशा वेळी राखीव जागा देतात, काहींत ते ड्युटी मॅनेजरच्या मनावर असते. ते मनावर राहू नये. आई, वडील, जोडीदार किंवा अपत्य गेल्यास आर१ तिकीट, गावाच्या सर्वांत जवळच्या त्या विमानतळापर्यंत जिथे त्या दिवशी खरोखर विमान जाते, आणि आपली फेरी नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या पूर्ण दराच्या तिकिटाची भरपाई, एवढे प्रत्येक नियमपुस्तिकेत लेखी यावे. कर्मचारी संघटनांनी पुढच्या वाटाघाटीत पगारवाढीच्या कलमाखाली नव्हे, त्याच्या वर हे कलम ठेवावे.