दुकान आमचे, जावई मात्र नोकरदार!



समाजाच्या मासिकांत दुकानांच्या जाहिराती आणि विवाहविषयक निवेदने बहुधा शेजारी-शेजारीच असतात. एकीकडे किराणा, कापड, सराफीच्या पेढ्यांची अभिमानाने सांगितलेली परंपरा. दुसरीकडे तशाच घरांतील कन्येसाठी ‘नोकरदार वर पाहिजे’ ही अट. ज्या गल्ल्यावर आपले घर उभे राहिले, तो जावयाच्या घरी का नको?

मुलींना दोष देणे सोपे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशभरात जैन अवघे ४४.५ लक्ष; त्यांपैकी महाराष्ट्रात १४ लक्ष. आधीच स्थळे मोजकी. तरीही शिकलेली मुलगी तालुक्याच्या पेढीला नकार देते, त्याचे कारण व्यापाराचा तिटकारा नव्हे. दुकान सासऱ्यांच्या नावे, किल्ली त्यांच्या कमरेला, मुलाला ठरलेली रक्कम नाही आणि सुनेला हिशेब ठाऊक नाही. नोकरीत निदान महिन्याचा पगार तरी निश्चित असतो.

उपाय आपल्याच हाती आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार सुनेलाही पेढीत भागीदार करून घेता येते. करारनाम्यात तिचा हिस्सा स्पष्ट लिहावा, मुलाची दरमहा उचल ठरवावी. दीपावलीच्या वहीपूजनात नव्या वहीचे पहिले पान तिच्या हातून लिहवावे. आणि निवेदनात ‘स्वतःचे दुकान’ एवढ्यावर न थांबता ‘वधूस भागीदारी’ हेही छापावे.

चातुर्मास संपताच विवाहाची बोलणी पुन्हा सुरू होतील. तत्पूर्वी घरोघरी हा निर्णय व्हावा, ही विनंती.