लेकरू मुद्दाम करत नाही

वर्धा जिल्ह्यातल्या आईबापांनो, आजीआजोबांनो, शेजाऱ्यांनो,

वेचणीचे दिवस आहेत. पहाटे स्वयंपाक, दिवसभर वावरात वाकून कापूस वेचायचा, अंधार पडता घरी येऊन पुन्हा चूल. त्यात दोन वर्षांचं पोरगं वरणाचं ताट पालथं करतं. "हा मुद्दामच करून राहिला!" म्हणेपर्यंत पाठीत रट्टा बसलेला असतो.

आपल्याला छळायचा बेत आखण्याइतकी समज त्या वयात नसते. चार वर्षांचं लेकरू अंथरूण ओलं करतं, तेही त्याच्या हातात नसतं. पण लेकरू हट्टानं छळतं असं ज्यांच्या मनात बसतं, त्यांचा हात लवकर उठतो, हे अभ्यासकांना वारंवार दिसलं आहे. स्वतःचं बालपण मारात गेलेलं, बाळंतपणानंतरची उदासी अंगावर काढलेली, डोक्यावर कर्ज, घरात दारू (जिल्ह्यात दारूबंदी आहे, कागदावर), मन मोकळं करायला कुणी नाही... यातलं एखादं असलं म्हणून कुणी मारकुटं होत नाही. एकावर एक चढत गेलं, तर मात्र वेळीच सावध व्हा.

"आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" हे ऐकून कान किटले. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत महाराष्ट्रासह 13 राज्यांत दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला होता. घरात मार बसलेल्यांपैकी 88.6 टक्क्यांना मारणारे आईबापच होते.

तान्हं बाळ रडतं म्हणून त्याला गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. डोकं तापलं तर बाळाला खाली गोधडीवर निजवा, ओसरीत या, शेजारणीला हाक मारा. चार मिनिटं रडल्यानं बाळाला काही होत नाही.

14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतून. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. "लेकरावरचा राग आवरत नाही," एवढं सांगितलं तरी पुरे. बापांनो, हे तुम्हालाही सांगतो आहोत.

अंगणवाडीताई, बाळाचं वजन करताना आईलाही विचारा: झोप लागते का, रडू येतं का?

भिंतीपलीकडून रोज मारल्याचा आवाज येत असेल, तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. आणि ती माउली नुसतीच थकलेली दिसत असेल, तर आज संध्याकाळी तिचं लेकरू तासभर तुमच्या घरी खेळायला न्या.