तीन गड, एक दिवस

वाशिंदकरांस माहुलीचा डोंगर नवा नाहीं. उत्तरेकडे नजर टाकली कीं वजीर सुळका आणि त्यामागची काळी कड रोजच दिसते. मात्र ज्यास आपण ‘माहुली’ म्हणून एकाच नांवानें ओळखतों तो डोंगर वस्तुतः तीन गडांचा आहे. उत्तरेस पळसगड, मध्यें माहुली आणि दक्षिणेस भंडारगड. उंची सुमारें २८१५ फूट. पावसाळा सरूं लागला म्हणजे घरोघरच्या तरुण मंडळींस हे तिन्ही गड एका दिवसांत पाहून येण्याची हौस येते, आणि वडील मंडळी आभाळाकडे बोट दाखवून ‘नको’ म्हणतात. या दोहोंमध्यें एक तिसरा मार्ग आहे, असें आमचें मत आहे.

वडिलांची भीति अनाठायीं नाहीं. आश्विनांतील सकाळ निरभ्र असते, म्हणूनच ती फसवी असते. जमिनींत पावसाची ओल असते. ऊन चढलें कीं ती ओलसर उष्ण हवा वर जाते, दुपारपर्यंत तिचे उंच ढग बनतात आणि तिसऱ्या प्रहरीं गडगडाट सुरू होतो. याच सुमारास तीन गड पाहणारा मनुष्य नेमका माथ्यावर असावयाचा! वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर अंतर. आंकडा तिसाच्या आंत आला तर माथा, एकटें झाड आणि वाटेवरची लोखंडी शिडी या तिन्हींपासून दूर व्हावें. दुसरी गोष्ट ओढ्यांची. वर पठारावर सर कोसळली तर खालीं थेंबही न पडतां ओढा फुगतो. तिसरी धुक्याची. तीन गडांमधील वाटा दाट रानांतून जातात. धुकें उतरलें म्हणजे गुरांची वाट आणि माणसांची वाट यांतील भेद उरत नाहीं.

परंतु एवढ्यासाठीं मुलांना, विशेषतः मुलींना, घरीं बसवावें हें आम्हांस मान्य नाहीं. नकारापेक्षां नियम बरा. निघण्यापूर्वींच दोन गोष्टी ठराव्यात. परत फिरण्याची वेळ कोणती, आणि शेवटचा शब्द कोणाचा. हा शब्द वयानें ज्येष्ठ असलेल्याचाच असला पाहिजे असें नाहीं. सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल ज्यास ठाऊक आहे त्याचा असावा.

गेल्या आश्विनांत आमच्या घरचीं आठ माणसें आसनगांवास उतरून पहाटेंच माहुलीच्या वाटेस लागलीं. शेवटचा शब्द थोरल्या वहिनींचा, असें आदल्या रात्रीं जेवतांनाच ठरलें होतें. आणि गडगडाट कानीं पडला कीं परत, हेंही ठरलें होतें. अकराच्या सुमारास मधला गड झाला. दक्षिणेकडे वळून भंडारगडाच्या अलीकडील खिंडीशीं आलों तों पूर्वेस आभाळ काळवंडलें आणि दूरवर एकदां गडगडलें. पुतण्या म्हणाला, “काकू, अर्ध्या तासाचें काम आहे. एवढें आलों आहोंत, आतां कल्याण दरवाजा न पाहतां जायचें?” वहिनी म्हणाल्या, “काल काय ठरलें होतें, बाळ? चला मागें.” सर्वजण परतलों.

पायथ्याशीं पोंचलों तों साडेतीन वाजले होते. आणि आभाळ? स्वच्छ! एक थेंबही पडला नाहीं. आसनगांवच्या फलाटावर तरुण मंडळींची कुरकुर चालली होती, कीं उगाच दोन गड बुडाले. वहिनी गप्प होत्या. त्यांच्या मनास तें लागलें असावें.

आमचें म्हणणें याच ठिकाणीं आहे. पाऊस आला असता तर सर्वांनीं वहिनींची वाखाणणी केली असती. तो आला नाहीं म्हणून त्यांचा निर्णय चुकीचा ठरतो काय? साडेबारा वाजतां खिंडींत उभें असतां जें दिसत व ऐकूं येत होतें त्यावरूनच निर्णय पारखला पाहिजे, साडेतीनच्या उन्हावरून नव्हे. घरांत अशा माणसास एकदां हंसलें म्हणजे पुढच्या खेपेस तो ‘परत’ हा शब्द उच्चारावयास कचरतो. आणि ज्या दिवशीं खरोखरच वीज पडावयाची त्या दिवशीं तो गप्प राहतो.

या गडाच्या इतिहासांतही हाच धडा आहे. मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढें शहाजीराजांस १६३६ सालीं माहुली सोडावी लागली. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं ती मोगलांस दिली, आणि १६७० सालीं परत घेतली. त्या सालींही पहिला हल्ला फसलाच होता. गड सोडून देणें म्हणजे गड कायमचा गमावणें नव्हे, हें त्यांस ठाऊक होतें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा बेत चालला असेल त्यांस एवढेंच सुचवितों. हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्रीं व सकाळींही पाहावा. नारिंगी किंवा लाल रंग असेल तर बेतच पुढें ढकलावा. पायथ्याच्या गांवांतून वाटाड्या घ्यावा; रान अभयारण्याचें आहे, तेथील नियम पाळावेत. मोबाइलवर विसंबूं नये. एकच गड झाला तरी दिवस पुरता झाला असें समजून निघावें, म्हणजे उरलेले दोन मिळाले तर ती कमाई होईल.

आमच्या घरीं मार्गशीर्षांतील एक रविवार ठरला आहे. तेव्हां आभाळ निवळलेलें असतें. शेवटचा शब्द पुन्हा वहिनींचाच. आणि ही सूचना, वाचकांस सांगण्यास आनंद वाटतो, त्याच पुतण्यानें केली.