नित्य व्यायाम आणि परीक्षेचें वर्ष

व्यायाम चांगला कीं वाईट, असा प्रश्न आज कोणी विचारीत नाहीं. सभेंत, वर्गांत, किंबहुना जेवणाच्या पंगतींतदेखील व्यायामाची स्तुति केली असतां सर्वजण माना डोलावतात. आणि ज्या गोष्टीस अशी सर्वांची मान्यता आहे, तीच गोष्ट आपल्या घरांतून सर्वांत आधीं हद्दपार होते. मुलगा दहावींत गेला कीं मैदान बंद; मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं धांवणें-खेळणें बंद. या दोन 'बंदां'विषयीं पालकवर्गाशीं व आमच्या विद्यार्थिमित्रांशीं चार शब्द बोलावे, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

पहिल्या बंदाच्या मागें एक समजूत आहे. मुलगा आतांपर्यंत पुष्कळ खेळला. एक वर्ष न खेळल्यानें काय मोठें बिघडणार? पैसा पेढींत ठेवावा व लागेल तेव्हां काढावा, तशी शक्ति ठेवतां आली असती तर ही समजूत खरी ठरली असती. परंतु सन १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं झालेला एक प्रयोग निराळेंच सांगतो. विशींतल्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावलें. अतिशय श्रम करतांना शरीर जास्तींत जास्त किती प्राणवायु वापरूं शकतें, यावरून माणसाचा दमसास मोजतात. त्या तीन आठवड्यांत तो चौथाईहून अधिक घटला. पुढें आठ आठवडे रीतसर व्यायाम करविल्यावर तो भरून आला, ही समाधानाची गोष्ट. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली. तेव्हां असें दिसलें कीं, तीस वर्षांच्या वाढत्या वयानें दमसासाची जेवढी हानि झाली, तिच्याहून अधिक हानि तरुणपणच्या त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें झाली होती! परीक्षेस बसणारा मुलगा कांहीं अंथरुणास खिळलेला नसतो, हें आम्हांस मान्य आहे. तथापि शाळेंतील बाक, शिकवणीचा बाक आणि घरची खुर्ची एवढ्यांतच ज्याचे दहा महिने जातात, त्याची जात त्या निजलेल्यांहून फारशी दूरची नाहीं.

उलट बाजूही पाहावी. १९५३ सालीं डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून. मालक एक, मार्ग एक, गाडीही एकच. पण हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. ड्रायव्हर मुळांतच अंमळ स्थूल असतात, हेंही पुढें १९५६ सालीं याच संशोधकांनीं गणवेषाच्या मापांवरून स्वतः दाखवून दिलें. शास्त्रज्ञानें असेंच असावें. पण तेवढ्यानें मूळ गोष्ट खोटी ठरली नाहीं; इतर धंद्यांतील लोकांच्या पुढील अनेक पाहण्यांतही तीच पुन्हां दिसून आली.

आपल्याकडे व्यायाम म्हटला कीं तालीम, लाल माती आणि पीळदार दंड हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. कराडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिलें, हें वाचून कोणाचा ऊर भरून येणार नाहीं? परंतु या चित्रानें थोडी हानिही केली आहे. ज्याला खाशाबा व्हावयाचें नाहीं त्याला व्यायामाचें काय प्रयोजन, असें बारीक अंगाच्या, संघ निवडतांना नेहमीं शेवटीं उरणाऱ्या मुलाला वाटूं लागतें. वार्षिकांत छायाचित्र ढाल जिंकणाऱ्या संघाचें छापतात. तें छापावेंच, पण आमच्या मतें मैदानाची खरी गरज त्या शेवटीं उरलेल्या मुलालाच अधिक आहे. लंडनचा कंडक्टर कोणी मल्ल नव्हता. तो रोज जिना चढत होता, एवढेंच.

मुलींच्या बाबतींतील बंद तर आम्हांस फारच खटकतो. वर आम्हीं शक्तीची पेढी नसते असें सुचविलें; हाडें हा त्यांतल्या त्यांत अपवाद होय. हाडांतील क्षारांचा सांठा सर्वांत झपाट्यानें वाढतो तो मुलींचा साडेबाराव्या वर्षाच्या सुमारास व मुलांचा चौदाव्याच्या सुमारास. या वेळेच्या मागचीं-पुढचीं मिळून दोन वर्षें धरलीं, तर प्रौढपणीं अंगांत असणाऱ्या सांठ्याचा सुमारें चौथा हिस्सा तेवढ्यांतच जमतो. धांवणें, उड्या मारणें, दोरीवरून उडणें यांच्या हादऱ्यांनीं हाड बळकट होतें. म्हणजे मुलीला ज्या वर्षीं अधिकांत अधिक धांवूं द्यावयाचें, नेमकें त्याच वर्षीं 'आतां तूं मोठी झालीस' म्हणून तिला घरांत बसवावयाचें! या चुकीची किंमत आज कळत नाहीं. साठीनंतर न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें, तेव्हां कळते. मुलीच्या जातीला धांवणें शोभत नाहीं असें म्हणणाऱ्या कित्येक आयांच्या आज्या मंगळागौरीला फुगड्या व झिम्मा खेळून रात्र जागवीत. त्याला व्यायाम असें नांव नव्हतें, म्हणून तो शोभला असावा!

ही केवळ आपलीच कथा नव्हे. १४६ देशांच्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं २०१९ सालीं दाखविलें कीं, २०१६ सालीं अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांमुलींपैकीं शेंकडा ८१ जणांना पुरेसा व्यायाम घडत नव्हता. मुलींत हें प्रमाण ८५ व मुलांत ७८ होतें.

पुरेसा म्हणजे किती? पांच ते सतरा वर्षांच्या वयांत सरासरीनें रोज साठ मिनिटें, असें त्याच संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. हा तास एकदम काढावा लागत नाहीं. शाळेला पायीं येणें-जाणें, मधल्या सुट्टींतली लगोरी, संध्याकाळची अर्धा तास खो-खो, असा तो सहज भरतो. जागा नाहीं ही मुंबईच्या पालकांची तक्रार खरी आहे. पण सूर्यनमस्काराला एका सतरंजीहून अधिक जागा लागत नाहीं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून त्याचा प्रसार केला, आणि ते स्वतः ८२ वर्षांचें आयुष्य जगले.

राहिला गुणांचा प्रश्न. खेळास वेळ दिल्यानें परीक्षेचे गुण घटतात, असें या विषयावरील पाहण्यांत आढळलेलें नाहीं. तरीही दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणितासाठीं मागून घेण्याची चाल अनेक शाळांतून आहे, आणि पालक तिला आनंदानें संमति देतात. जून महिन्यांत नवें वेळापत्रक लागेल, तेव्हां दहावीच्या रकान्यांत खेळाचा तास आहे कीं नाहीं तें पालकांनीं येऊन पाहावें. आणि नसल्यास तो कोठें गेला, असें विचारावें.