न पाहिलेल्या रात्रीचे स्मरणरंजन

गेल्या काही वर्षांत डिस्कोच्या काळाला पुन्हा बहर आलेला दिसतो. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत चकाकत्या कपड्यांची 'रेट्रो' नृत्ये होतात, लग्नाच्या आदल्या रात्री बप्पी लाहिरींची गाणी वाजतात, आणि २०२२ साली ते गेले तेव्हा ज्यांचा जन्मच नव्वदीनंतरचा अशांनीही हळहळ व्यक्त केली. 'ओम शांती ओम' (२००७) सारख्या चित्रपटाने या हळहळीचा पुरेपूर व्यापार केला. मराठीतही 'दुनियादारी' (२०१३) ने सत्तरीच्या दशकातील पुण्याला असाच गोडवा चढवला. या साऱ्याला मराठी समीक्षेत 'स्मरणरंजन' असा नेमका शब्द आहे. नेमका अशासाठी, की त्यात स्मरण आहे आणि रंजनही आहे. आणि या दोहोंपैकी कोणते कोणावर कुरघोडी करते, हे दर वेळी तपासून पाहावे लागते.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात घडवला. घराकडे परतणे आणि वेदना अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड. अर्थात या व्याधीला एक पूर्वअट आहे : घर कधीतरी आपले असावे लागते. कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव येथील मध्यमवयीन माणूस नाइटक्लबच्या दिवसांसाठी हळवा होतो, तेव्हा ही अटच पुरी होत नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील या गावात नाइटक्लब नव्हता. आमच्या पिढीतील बहुतेकांनी तो आत जाऊन पाहिलेला नाही. मग आम्हांला आठवते ते नेमके काय?

आठवतो तो पडदा. पडद्यावरच्या क्लबचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे या आठवणीचा उलगडा होऊ लागतो. पन्नास ते सत्तरच्या दशकांत हिंदी चित्रपटातील क्लब ही पापाची जागा होती. तेथे खलनायक बसे, तस्करीचे सौदे ठरत आणि हेलन नाचे. 'कारवाँ' (१९७१) असो वा 'डॉन' (१९७८), नाच पाहण्याची मुभा प्रेक्षकाला होती. पण नाचणारी स्त्री कथेच्या अखेरीस नायकाच्या घरी जाऊ शकत नसे. १९८० साली 'कर्ज' आणि 'कुर्बानी' आले आणि चित्र पालटले. 'कर्ज'मध्ये नायक स्वतःच फिरत्या तबकडीवर उभा राहून गाऊ लागला. 'कुर्बानी'साठी बिद्दू या बंगळूरच्या संगीतकाराने नाझिया हसन या पाकिस्तानी मुलीकडून लंडनमध्ये गाऊन घेतलेले गाणे खेडोपाडी पोहोचले. जी जागा खलनायकाची होती ती नायकाची झाली.

या स्थित्यंतराचे टोक म्हणजे बब्बर सुभाष यांचा 'डिस्को डान्सर' (१९८२). साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या चित्रपटाच्या श्रेयनामावलीकडे एकदा अवश्य पाहावे. लेखक म्हणून तेथे नाव आहे राही मासूम रझा यांचे. 'आधा गाँव' (१९६६) सारखी कादंबरी लिहिणारा आणि पुढे दूरदर्शनच्या 'महाभारत'चे संवाद लिहिणारा हाच तो लेखक. हे कळल्यावर चित्रपट थोर ठरतो असे नाही. मात्र त्याच्या लोकप्रियतेचे कारण चकाकत्या कपड्यांत शोधणे पुरेसे नाही, हे उमगते. रस्त्यावर गाणारा एक गरीब मुलगा. श्रीमंताच्या दारी त्याच्या आईवर आलेला चोरीचा आळ. तो अपमान उराशी धरून मुलाने मिळवलेली कीर्ती. आणि विजेच्या धक्क्याने आईचा झालेला अंत. ही कथा क्लबची नाही, अपमानाच्या परतफेडीची आहे. मिथुन चक्रवर्तींचा चेहरा आमच्याकडच्या केशकर्तनालयांत आणि ट्रकांच्या पाठीवर टिकून राहिला तो या परतफेडीच्या बळावर. सोव्हिएत संघात हा चित्रपट तुफान चालला, याचेही मर्म बहुधा येथेच असावे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचे लेखन जेथे रशियन भाषेत वाचले गेले, तोच हा देश. दीनांची कथा ओळखायला त्या प्रेक्षकाला नृत्याची तालीम लागत नव्हती.

मूळ अमेरिकन चित्रपटाची गोष्टही याहून फार निराळी नाही. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७) चा नायक रंगाच्या दुकानात राबणारा ब्रुकलिनचा पोरगा आहे; आठवड्यातील एक रात्र तेवढी त्याची. हा चित्रपट निक कोन यांनी १९७६ साली लिहिलेल्या एका वृत्तलेखावर आधारलेला होता, आणि त्या लेखातील मुख्य पात्र आपण कल्पनेने रचले होते, अशी कबुली कोन यांनी नव्वदच्या दशकात दिली. म्हणजे बनावट वृत्तांतावरून चित्रपट, त्या चित्रपटावरून मुंबईच्या स्टुडिओतील दिव्यांची फरशी, आणि त्या फरशीवरून आमची आठवण. इतक्या हातांतून आलेल्या वस्तूला आम्ही 'आपले दिवस' म्हणतो.

वाटेत जे गळाले तेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये हे संगीत रुजले ते कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या आसऱ्याच्या जागी. जेथे दिवसाच्या समाजात तोंड लपवावे लागणारी माणसे रात्री उघडपणे नाचू शकत. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि जमाव मैदानात घुसला. तो राग केवळ संगीतावरचा नव्हता, असे अनेक अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे. आमच्या स्मरणरंजनात ही माणसे नाहीत. उरला आहे तो फक्त आरशांचा गोळा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९८२ हे साल येथे आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सातारा-सांगलीच्या घराघरांतून माणसे गिरणगावात गेलेली होती. संप लांबला तसे कित्येकजण गावी परतले आणि बरेचसे पुन्हा कामावर चढलेच नाहीत. 'डिस्को डान्सर' आला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. मुलगा तिकिटाच्या रांगेत आणि बाप ओसरीवर बेकार, असे चित्र कितीएक घरांत असेल. कोयनेच्या धरणासाठी पाटण तालुक्यातील माणसे उठली आणि साठच्या दशकात तेथली वीज मुंबईकडे निघाली. त्या वाटेने माणसेही गेली. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे सर्वांसमोर आहे. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला आणि रात्रीच्या करमणुकीची ठिकाणेही आली. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे कमला मिलच्या आवारातील पबला आग लागून १४ माणसे मेली. मराठी माणसाचा नाइटक्लबशी खराखुरा संबंध कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर येथे आहे : ज्या जागी त्याने साचे चालवले, त्याच जागी तो उभा राहिला. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकात या ऱ्हासाचे घर दिसते. चकाकत्या पार्टीत ते दिसत नाही.

आणि आमच्या मुलखाला स्वतःची रात्र नव्हती काय? होती, आणि चांगली दणदणीत होती. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, म्हणजे कराडहून हाकेच्या अंतरावरचे. कुलकर्ण्यांच्या घरातला हा माणूस जात आणि वतन मागे टाकून पवळेसह फडावर उभा राहिला. मिरजेजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू यांनी पिढ्यान्‌पिढ्या हसवली. यात्रेतील तंबूत गण, गौळण झाली की 'रंगबाजी' सुरू होई. येथे हिंदी चित्रपटांची गाणी येत, डिस्कोही आला. ढोलकी आणि हलगीच्या जोडीला ऑर्गन आला, तंबूत रंगीत दिवे फिरू लागले. शुद्धतावाद्यांनी याला तमाशाचा ऱ्हास म्हटले. आम्हांला वाटते, कराडच्या आसपास डिस्को खऱ्या अर्थाने नाचला गेला असेल तर तो येथे. समोर जिवंत नाचणारी बाई, पुढे बसलेला ऊस उत्पादक, मागे मजूर, आणि पहाटेपर्यंत न संपणारी रात्र. याहून नाइटक्लब म्हणजे तरी काय?

तरीही स्मरणरंजनाची वेळ येते तेव्हा आम्ही हेलनला आठवतो, तंबूतल्या त्या बाईचे नावही आठवत नाही. कारण उघड आहे. पडद्यावरचा क्लब परका, म्हणून निर्धोक. तमाशाचा तंबू शेजारचा, म्हणून लाजेचा. तेथे गेलेल्याने घरी सांगायचे नसते, आणि जे घरी सांगायचे नसते त्याचे स्मरणरंजनही चारचौघांत करता येत नाही. स्मृतीलाही जात आणि वर्ग असतो, तो असा.

हा भेद केवळ आवडीनिवडीचा नाही. त्याचा कायदाही झाला. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले होते. २००५ साली महाराष्ट्र शासनाने डान्सबार बंद केले. त्या वेळचे गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे, आमच्याच भागातील. शेतकऱ्याच्या पोराचा पैसा आणि संसार बारमध्ये बुडतो, ही त्यामागची कळकळ खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याच कायद्यात तीन आणि त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना सूट होती. एकच नाच, पण तारा मोजून शील आणि अश्लील ठरणार! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला, यामागे हा भेदभाव हे एक मोठे कारण होते. सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याचे न्यायालयापुढे मांडले गेले. त्यांतील काही परंपरेने नृत्यगायनावर जगणाऱ्या जमातींमधल्या होत्या. त्या बारमध्ये वाजत होती ती हिंदी चित्रपटांचीच गाणी. आमच्या रेट्रो पार्टीत वाजतात त्याच जातकुळीची.

येथे एक आक्षेप संभवतो. दोन घटका जुनी गाणी ऐकून मन रमवणाऱ्यांवर एवढे ओझे कशाला? आणि तमाशाचा, डान्सबारचा उमाळा आणला तर तेही एक खोटेच रंजन नव्हे काय? आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) वाचल्यावर त्या तंबूकडे केवळ गोडव्याने पाहणे अशक्य होते. आनंद यादवांच्या 'नटरंग' (१९७८) मधील गुणा नाच्याची भूमिका पत्करतो आणि त्याची भयंकर किंमत मोजतो. तमाशाला डिस्कोच्या जागी बसवून पुन्हा हळवे व्हा, असे आमचे म्हणणे नाही.

पहिल्या भागाचे उत्तर मात्र द्यावे लागेल. स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले. एक, गेलेले जसेच्या तसे उभारू पाहणारे. दुसरे, ते गेले आहे हे जाणून त्या अंतरावर विचार करणारे. आजची डिस्कोची आवड पहिल्या प्रकारचीही नाही, कारण उभारायला येथे काही नव्हतेच. तिला दुसऱ्या प्रकाराकडे मात्र नेता येईल. कराडच्या माणसाने 'मला तो क्लब आठवतो' असे न म्हणता 'मला तो क्लब पाहणारा मी आठवतो' असे म्हटले, की सगळे बदलते. मग थिएटरचा अंधार येतो, बाल्कनी आणि थर्ड क्लासमधले अंतर येते, बायकांची वेगळी रांग येते, मुंबईहून परतलेला बाप येतो, आणि शेजारच्या तंबूतील ढोलकीही ऐकू येते. आई-बहिणींच्या वाट्याला त्या रात्रीतले काय आले, हाही प्रश्न येतो. आणि तो बहुधा सर्वांत अवघड ठरेल.

हे काम साहित्याचे आणि साहित्य शिकवणाऱ्यांचे आहे. मराठी साहित्याने मुंबईची रात्र पाहिली नाही असे नाही. भाऊ पाध्ये यांनी आणि नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) ने ती डोळे उघडे ठेवून पाहिली. तालुक्याच्या गावाची रात्र मात्र आपल्या ग्रामीण साहित्याला फारशी दिसली नाही. तेथे पहाट उदंड आहे आणि पाऊस-दुष्काळही. कराडने १९७५ साली, आणीबाणीच्या दिवसांत, दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवले. २००३ मध्येही येथे संमेलन झाले. लोकसाहित्य म्हणजे केवळ ओव्या आणि भारुडे नव्हेत, हे समजून घेण्याइतकी परंपरा या गावापाशी निश्चित आहे. येथील मराठी विभागांनी एखाद्या वर्षी तरी विद्यार्थ्यांना आजोळी पाठवावे. तंबू थिएटरचा यंत्रचालक, फडातली निवृत्त नर्तकी, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रावाला, संपातून परतलेला कामगार यांच्याशी बोलावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. ही माणसे आता सत्तरीपलीकडे आहेत. आरशांचा गोळा कोणत्याही दुकानात विकत मिळेल. यांच्या आठवणी मिळण्याची मुदत फार उरलेली नाही.