आमच्या थुंकीचा हिशेब

दोस्तांनो, आज थुंकीवर लिहितोय. किळस येत असेल त्यानं पान उलटावं आणि पुढच्या कविता वाचाव्यात. पण ज्या छातीतून खोकला येतो त्याच छातीतून आपली कविताही येते, एवढं ध्यानात ठेवावं.

पेशवाईत पुण्यात आमच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असायचं. पावलांचे ठसे पुसायला झाडू, थुंकायला मडकं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये हे लिहून ठेवलंय. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषण पचलं नाही, ते झालंच नाही, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. आमची थुंकी रस्त्यावर पडली आणि चुकून त्यावर सवर्णाचा पाय पडला तर तो बाटायचा. म्हंजे आमची थुंकी ह्या देशात तेव्हापासून राजकारणात आहे. ती आम्ही नेली नाही, त्यांनी नेली.

आता मडकं गेलं. त्याच्या जागी झाकणाची प्लॅस्टिकची डबी आली. दवाखान्यात सांगतात, सकाळी उठल्या उठल्या खोल श्वास घ्या, जोरात खोका, नुसती लाळ नको, बेडका पाहिजे. जिच्या भीतीनं गळ्यात मडकं बांधलं ती थुंकी आता सरकार मागून घेतं. चांगली गोष्ट आहे. पण ती डबी पुढं जाते कुठं? कुणाची डबी यंत्रात जाते आणि कुणाची नुसती काचपट्टीवर? हा सगळा लेख त्या एका प्रश्नाचा आहे.

माझा बा मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या गँगमध्ये होता. बोटीच्या फाळक्यातून माल वर यायचा तेव्हा धुरळ्यात माणसाला माणूस दिसायचा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात तो खोकायला लागला. मुकादम म्हणाला, धुरळ्याचा खोकला, गूळ खा. बा एका दवाखान्यात गेला. नाव घेत नाही, तसले गल्लोगल्ली आहेत. थुंकी तपासली, निगेटिव्ह. खोकल्याची बाटली दिली. महिन्यानं परत तपासली, परत निगेटिव्ह. मग छातीचा फोटो काढला आणि अंदाजानं साध्या क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल व्हायची. बा म्हणायचा, बघ, औषध लागू पडतंय. औषध फक्त लघवी रंगवत होतं, जंतूला त्याची फिकीर नव्हती. चार महिने असे गेले. कोल्हापूरला घरी आणला तेव्हा बाच्या फासळ्या मोजता येत होत्या. इथं एका शहाण्या माणसानं त्याची थुंकी यंत्रात घातली. दोन तासांत कागद हातात आला: क्षय आहे, आणि रिफाम्पिसिन ह्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही.

दोन तास! जो कागद दोन तासांत निघतो तो निघायला आमच्या घराला सहा महिने लागले. त्या कागदानंतर बा सात महिने जगला. मी त्याच्या जागी गँगमध्ये गेलो.

मी दहावी पास. पोतं उचलायला दहावी लागत नाही, पण हे यंत्र समजून घ्यायला तेवढी पुरते. म्हणून सांगतो, ऐका.

२४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यानं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून सव्वाशे वर्षं गरिबाची थुंकी जवळपास एकाच पद्धतीनं तपासली गेली. काचपट्टीवर थुंकी पसरायची, लाल रंग ओतायचा, गरम करायची, ॲसिडनं धुवायची, मायक्रोस्कोपखाली लाल काड्या शोधायच्या. पण एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते डोळ्याला सापडतच नाहीत. त्याहून कमी असले की कागदावर 'निगेटिव्ह'. असे निम्म्याच्या आसपास रोगी काचपट्टीवरून सुटतात. आणि सापडला तरी कुठलं औषध त्याला मारील, हे मायक्रोस्कोप सांगत नाही.

१९८३ साली कॅरी मुलिस ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला एक युक्ती सुचली. जंतू शोधत बसण्यापेक्षा त्याच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा धरायचा आणि त्याच्या नकला काढायच्या. तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. थंड केलं की प्रत्येक धाग्यावर नवा जोडीदार बांधला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर होतात. मग लपून बसायला जागाच राहत नाही. नकला बांधणारं रसायन मिळालं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात जगणाऱ्या एका जंतूकडून, म्हणून ते तापवलं तरी मरत नाही. मुलिसला १९९३ साली नोबेल मिळालं. पण आधी कंपनीनं त्याला दिला दहा हजार डॉलर बोनस, आणि शोधाचे हक्क विकले तीस कोटी डॉलरला. आमचा मुकादम याहून वेगळं काय करतो? हाच मुलिस पुढं, एचआयव्हीमुळं एड्स होत नाही, असं बरळत फिरला. तेव्हा शोध वापरावा, शोधणाऱ्याची आरती करू नये.

ही सगळी करामत एका छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवली ते जीनएक्स्पर्ट. आपल्याकडं सरकारी कागदात 'सीबीनॅट'. थुंकीत औषध मिसळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कार्ट्रिजमध्ये ओतायचं, यंत्रात ठेवायचं, दार लावायचं. आत आवाजाच्या लहरींनी जंतू फुटतो, डीएनए सुटतो, धुतला जातो, तापतो, निवतो, वाढतो आणि उजेड पाडतो. रिफाम्पिसिन चालणार का नाही, तेही त्याच फेरीत कळतं. मिलिलिटरमध्ये सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी पकडतं. मधे कुणाचा हात लागत नाही. हात न लावण्याचा हा पहिलाच प्रकार मी बघितला, ज्यात आमचा अपमान नाही. ते यंत्र डबीवरचं आडनाव वाचत नाही. थुंकी ब्राह्मणाची का मांगाची, त्याला देणंघेणं नाही.

पण यंत्रापर्यंतचा रस्ता आडनाव वाचतो.

तो रस्ता कुठून निघाला बघा. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली, माणसं मेली. मग तिथल्या टपाल छाटणी केंद्रांत ह्याच सेफीड कंपनीचं तंत्र बसवलं. क्षयाच्या कार्ट्रिजला जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली ती डिसेंबर २०१० मध्ये. पाकिटांची तपासणी आधी, माणसांच्या छातीची नंतर. ह्या तंत्रावर सरकारांचा, म्हंजे जनतेचा, कोट्यवधी डॉलर पैसा खर्च झाला. २०१६ मध्ये डॅनाहर कंपनीनं सेफीड चार अब्ज डॉलरला गिळली. गरीब देशांना २०१२ पासून एक कार्ट्रिज ९.९८ डॉलरला मिळायचं. 'सरहद्दीविना डॉक्टर' संघटनेनं हिशेब मांडला, हे पाच डॉलरला देता येतं, आणि २०१९ पासून त्यासाठी आवाज उठवला. रोगी आणि कार्यकर्ते पेटले तेव्हा कुठं सप्टेंबर २०२३ मध्ये भाव ७.९७ डॉलरवर आला. भाव कारखान्यात ठरत नाही, तो ताकदीनं ठरतो.

हे लांब अमेरिकेतलं वाटत असेल तर आपला कोरोना आठवा. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबनं पहिलं देशी आरटी-पीसीआर किट काढलं. मीनल दाखवे-भोसले ह्या बाईनं दिवस भरलेले असताना तो गट चालवला. काम दीड महिन्यात झालं, बाईला मुजरा. पण त्याच महिन्यात खासगी लॅबमधल्या तपासणीचा कमाल भाव ठरला ४५०० रुपये. सर्वोच्च न्यायालयानं ८ एप्रिलला तपासणी फुकट करा म्हटलं आणि १३ एप्रिलला तोंड फिरवलं: फुकट फक्त गरिबांना, बाकीच्यांनी मोजावेत. मग महाराष्ट्रात भाव जूनमध्ये २२०० झाला आणि मार्च २०२१ संपता संपता ५००. नाकात घालायची काडी तीच, आतली युक्ती मुलिसचीच. एका वर्षात भाव नवव्या हिश्शावर येतो, मग पहिल्या दिवसापासून तो फरक कुणाच्या खिशात जात होता? हातावर पोट असलेला माणूस ४५०० कुठून आणणार होता? म्हणून तो तपासणीला गेलाच नाही, खोकत कामावर गेला.

आपल्यातलेच काही म्हणतात, यंत्राच्या नादी लागू नको, क्षय हा भुकेचा रोग आहे. बरोबर आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर त्या घरांतला नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, हे २०२३ मध्ये छापून आलं. सरकार रोग्याला खायला महिना ५०० द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देतं. दिवसाला तेहतीस रुपये. ते वाढवून घ्यायची लढाई वेगळी लढूच. पण माझ्या बाच्या ताटात रोज मटण असतं तरी चुकीच्या गोळीनं त्याचा जंतू मेला नसता. भाकरी पाहिजे आणि बरोबर नाव लिहिलेला कागदही पाहिजे. एक मागितलं की दुसरं सोडा, असं आपल्याला सांगणाऱ्यांचं पोट भरलेलं असतं.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करू, अशी घोषणा होती. ते साल उलटलं. आजही जगातला दर चौथा क्षयरोगी भारतातला आहे. यंत्र नाही म्हणावं तर शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट आहे. बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल देतं, २०२० मध्ये जागतिक मान्यता मिळालेलं. वीज गेली, एसी नाही, ह्या सबबी त्यानं संपवल्या. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी फुकट आहे. मग अडलं कुठं? कार्ट्रिज संपलं की यंत्र म्हंजे टेबलावरचं खोकं. टेक्निशियन कंत्राटी, तो गेला की खोलीला कुलूप. आणि सगळ्यात मोठं कुलूप म्हंजे, असं यंत्र आहे आणि ते मागायचा आपल्याला हक्क आहे, हेच वस्तीत कुणाला माहीत नाही.

आता जरा आपल्या घरात बघू. क्षय निघाला की आपणच त्या माणसाचं ताट वेगळं करतो, पेला वेगळा, अंथरूण दाराबाहेर. ताटावाटीतून क्षय पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत जातो, आणि योग्य औषध सुरू झालं की तोही धोका झपाट्यानं उतरतो. पोरीला क्षय होता हे लग्न ठरेपर्यंत लपवतो. माझ्या आईनं बाचा पेला वेगळा ठेवला होता. मी काही बोललो नाही. ज्यांच्या गळ्यात मडकं होतं त्यांच्या पोरांनी आपल्याच बापाचा पेला वेगळा ठेवावा, ह्याची लाज मला अजून वाटते.

२०२३ मध्ये आक्का खोकायला लागली तेव्हा मी पाळी सोडून कोल्हापूरला आलो. काचपट्टीवर वेळ घालवला नाही, तिला घेऊन थेट यंत्राकडं निघालो. वाट भाऊसिंगजी रोडवरून होती. ह्याच रस्त्यावर गंगाराम कांबळेनं हॉटेल काढलं होतं आणि शाहू महाराज तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा प्यायचे. त्या चहानं जेवढी जात मोडली तेवढी शंभर भाषणांनी मोडली नसेल. आक्कानं डबीत बेडका टाकला, त्याच दिवशी कागद मिळाला: क्षय आहे, रिफाम्पिसिन चालतं. सहा महिने गोळ्या. आज ती कामावर जाते. बा आणि आक्का, छाती एकाच घराण्याची. मधे फरक फक्त एवढाच की कुणीतरी आधी यंत्र मागितलं.

आपण १९७२ साली ज्यांचं नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी नुसती मूठ वळली नव्हती. त्यांनी वस्त्यांत फुकट दवाखाने काढले आणि १९७१ पासून सिकलसेलसाठी काळ्या माणसांचं रक्त तपासायची मोहीम चालवली, कारण सरकार ते तपासत नव्हतं. न्यूयॉर्कच्या यंग लॉर्ड्स पोरांनी जून १९७० मध्ये क्षयाच्या एक्स-रेची गाडीच ताब्यात घेऊन गरीब वस्तीत उभी केली. शेकडो लोकांच्या छात्या तपासल्या गेल्या. आपण त्यांचं नाव घेतलं, मूठ घेतली, पोस्टर घेतलं. तपासणी तेवढी राहून गेली.

ती आता घेऊ. २० मार्चला आपण महाडच्या चवदार तळ्याला जातो. २१-२२ मार्चला माणगाव परिषद आठवतो, जिथं १९२० साली शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडं बोट दाखवून सांगितलं, हा तुमचा पुढारी. २४ मार्च जागतिक क्षयरोग दिन. हा आठवडा आपलाच आहे. त्या आठवड्यात प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीत दोन आठवड्यांच्या वर खोकणारी माणसं शोधावीत आणि त्यांना घेऊन दवाखान्यात जावं. तिथं तीनच गोष्टी मागायच्या: पहिली थुंकी यंत्रातच गेली पाहिजे, कार्ट्रिज किती शिल्लक आहे ते दारावर लिहिलं पाहिजे, आणि निकालाचा कागद रोग्याच्या हातात मराठीत मिळाला पाहिजे. 'नंतर या' म्हणाले की बसून राहायचं. दोन तासांचंच काम आहे, आपल्याला थांबायची सवय आहे.

१९२७ साली चवदार तळ्यावर बापजाद्यांनी ओंजळ तोंडाला लावली. आता आपण तोंडातलं डबीत टाकू आणि डबी टेबलावर ठेवून सांगू: ही घे आमची थुंकी, आणि हिचा हिशेब दे.

जय भीम.